मार्शल अर्जन सिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी ८ ऑक्टोबरला, म्हणजे हवाई दल दिनाच्या आसपास, शाळांमधून आणि वाचनालयांमधून भारतीय हवाई दलाच्या इतिहासावर बोलण्याचा योग मला येतो आणि प्रत्येक ठिकाणी मार्शल अर्जन सिंग यांच्याविषयी साधारण तेच प्रश्न पुढे येतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. जेथे दोन वाक्यांत भागते तेथे मी दोनच वाक्ये लिहिली आहेत.

अर्जन सिंग यांची ओळख थोडक्यात कशी करून द्यावी?

उघड्या कॉकपिटच्या, दुहेरी पंखांच्या विमानापासून स्वनातीत जेट विमानांच्या काळापर्यंत ज्यांची वैमानिक म्हणून कारकीर्द पसरली होती, १९६५ च्या युद्धात ज्यांनी भारतीय हवाई दलाचे नेतृत्व केले आणि हवाई दलात पंचतारांकित हुद्दा मिळालेले जे एकमेव अधिकारी आहेत, ते अर्जन सिंग. जन्म १५ एप्रिल १९१९, मृत्यू १६ सप्टेंबर २०१७. ९८ वर्षांच्या या आयुष्यातील सुमारे ३० वर्षे त्यांनी हवाई दलाच्या गणवेशात काढली, आणि उरलेल्या काळातही ते दलापासून कधी लांब गेले नाहीत.

त्यांचे घराणे सैनिकी होते का?

होते, पण ते घोडदळाचे होते. त्यांचा जन्म पंजाबातील ल्यालपूर येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानात असून त्याचे नाव फैसलाबाद आहे. वडील हॉडसन्स हॉर्स या पलटणीत होते, आजोबा गाइड्स कॅव्हलरीत रिसालदार मेजर झाले होते आणि पणजोबा १८७९ मध्ये अफगाण मोहिमेत कामी आले होते. घोड्यावर मांड ठोकून लढणाऱ्या तीन पिढ्यांनंतर या घरातील मुलगा विमानात बसला. शिक्षण माँटगोमरी आणि पुढे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात झाले. विद्यार्थीदशेत ते उत्तम पोहणारे म्हणून ओळखले जात.

ते हवाई दलात कसे आले?

१९३८ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील रॉयल एअर फोर्सच्या महाविद्यालयात त्यांची निवड झाली. त्या काळी भारतीय हवाई दल किती लहान होते हे ध्यानात घेतल्याशिवाय या निवडीचे मोल कळत नाही. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे या दलाची पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने होती, आणि भारतीय माणूस लढाऊ विमान चालवू शकेल का, अशी शंका घेणारे गोरे अधिकारी पुष्कळ होते. त्यामुळे क्रॅनवेलला जाणाऱ्या प्रत्येक भारतीय तरुणावर स्वतःच्या उत्तीर्ण होण्यापेक्षा मोठे ओझे असे. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अर्जन सिंग यांना कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळाले.

सुरुवातीच्या काळात त्यांचे विमान पाडले गेले होते, हे खरे आहे का?

खरे आहे, आणि माझ्या मते त्यांच्या स्वभावाची पहिली खूण येथेच सापडते, म्हणून हा प्रसंग जरा सविस्तर सांगतो.

क्रॅनवेलहून परतल्यावर त्यांची नेमणूक पहिल्या स्क्वाड्रनमध्ये (स्क्वाड्रन म्हणजे विमानांची तुकडी), वायव्य सरहद्द प्रांतात झाली. काम होते वझिरिस्तानच्या डोंगरांतून जाणाऱ्या पायदळाला वरून आधार देण्याचे. वापिटी विमानाचे पंख कापडाने मढवलेले असत, कॉकपिट उघडे असे, पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे बंदूकधारी अशी बैठक असे, आणि वेग इतका बेताचा की डोंगराच्या कड्यावर दबा धरून बसलेला टोळीवाला नेम साधून बंदूक चालवू शके. पुष्कळदा तर विमान दरीतून आणि टोळीवाले त्याच्या वरच्या अंगाला, अशी स्थिती होई. मिरानशाहहून रझमककडे निघालेल्या पलटणीला आधार देताना अशीच एक गोळी लागली, इंजिन गेले आणि अर्जन सिंग यांना एका कोरड्या नदीपात्रात विमान उतरवावे लागले. धक्क्याने त्यांचे तोंड समोरच्या उपकरणांच्या फळीवर आपटले आणि चेहरा रक्ताने भरला.

त्यांचा बंदूकधारी गुलाम अली विमानातून उडी टाकून पळत सुटला, पण घाईत त्याने दिशा चुकीची धरली. तो टोळीवाल्यांच्याच रोखाने चालला होता. अर्जन सिंग रक्त पुसण्यासाठीही न थांबता त्याच्या मागे धावले आणि त्याला गाठून माघारी वळवले. दोघेही वाचले. काही दिवसांतच ते पुन्हा विमान चालवू लागले.

एकवीस-बावीस वर्षांचा अधिकारी, स्वतः जखमी, उघड्या नदीपात्रात आणि गोळ्यांच्या टप्प्यात. अशा वेळी आडोसा शोधणे कोणीही समजून घेतले असते. त्यांनी आधी आपला माणूस कोठे आहे ते पाहिले. पुढील पन्नास-साठ वर्षांत हेच वेगवेगळ्या रूपांत दिसत राहते.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी काय केले?

१९४३ मध्ये ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले आणि १९४४ च्या आरंभी हे स्क्वाड्रन हरिकेन विमाने घेऊन इंफाळच्या खोऱ्यात दाखल झाले. जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, जमिनीवरचे रस्ते तोडले, आणि खोऱ्यातील धावपट्ट्या हाच बाहेरच्या जगाशी उरलेला दुवा ठरला. या वेढ्याच्या सबंध काळात हे स्क्वाड्रन खोऱ्यातच राहून लढले.

त्यांचे मुख्य काम टेहळणीचे होते. हरिकेन विमाने जोडीने जात. एक वैमानिक झाडांच्या शेंड्यांना लागेल इतक्या खालून जात नजर जमिनीवर खिळवून ठेवी, ताजी चाकोरी, धूर, नदीच्या उतारावरची पावले असे काही दिसते का ते पाही, आणि दुसरा त्याच्या मागे वरच्या बाजूला राहून आकाशाकडे लक्ष ठेवी, कारण खाली पाहणाऱ्याला शत्रूचे विमान दिसणे शक्य नसे. पहिल्याने दुसऱ्यावर आपला जीव सोपवायचा, असे ते काम होते. पावसाळ्यात ईशान्येकडील डोंगर ढगांत बुडाले की परतीची वाट शोधणे हे शत्रूपेक्षा मोठे संकट ठरे.

एका संध्याकाळी टेहळणीहून परत येताना, तळापासून फार दूर नसलेल्या टेकड्यांवर अर्जन सिंग यांना जपानी सैन्याची मोठी तुकडी दिसली. उतरताच त्यांनी खबर दिली आणि अंधार पडत असताना हरिकेन विमानांनी त्या टेकड्यांवर हल्ला चढवला. जून १९४४ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी इंफाळला येऊन युद्धभूमीवरच त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे वैमानिकांच्या शौर्यासाठीचे ब्रिटिश पदक प्रदान केले.

त्यांच्यावर कोर्ट मार्शल झाले होते का?

फेब्रुवारी १९४५ मध्ये, केरळमधील वस्तीवरून फार खालून विमान नेल्याबद्दल त्यांच्यावर अशी कारवाई झाली होती. आपल्या हाताखालील शिकाऊ वैमानिकाचे मनोधैर्य वाढवण्यासाठी ते आवश्यक होते, असा बचाव त्यांनी केला. वस्तीवरून खाली उडणे धोक्याचे आहे आणि नियम मोडला हेही खरे आहे. तरीही या प्रकरणात त्यांनी सबब शोधली नाही, केलेल्या गोष्टीचे कारण उघडपणे मांडले, याची नोंद घ्यायला हवी. त्यांच्या पुढील बढतीवर या प्रकरणाचा परिणाम झाला नाही.

१५ ऑगस्ट १९४७ शी त्यांचा संबंध कोणता?

स्वातंत्र्याच्या सोहळ्यात दिल्लीच्या आकाशातून हवाई दलाच्या शंभरहून अधिक विमानांनी जी मानवंदना दिली तिचे नेतृत्व त्यांनी केले. ज्यांचे जन्मगाव त्याच दिवसांत परक्या देशात गेले, तो वैमानिक नव्या देशाच्या विमानांच्या अग्रभागी होता. हवाई दलाचीही तेव्हा वाटणी चालू होती आणि कालपर्यंत एकाच मेसमध्ये जेवणारे वैमानिक सीमेच्या दोन बाजूंना जात होते. १९६५ च्या लढाईत दोन्हीकडचे अनेक वरिष्ठ अधिकारी एकमेकांना नावानिशी ओळखत होते, ते यामुळेच.

१९४७ ते १९६४ या काळात ते कोठे होते?

१९४९ ते १९५२ या काळात ते ऑपरेशनल कमांडचे प्रमुख होते. पुढे याच कमांडचे नाव पश्चिम हवाई कमांड झाले आणि १९५७ ते १९६१ या काळात ती पुन्हा त्यांच्याकडे आली. १९६३ मध्ये ते हवाई दलाचे उपप्रमुख झाले आणि त्याच वर्षी ब्रिटन, अमेरिका व ऑस्ट्रेलिया यांच्या हवाई दलांबरोबर झालेल्या ‘शिक्षा’ या संयुक्त सरावाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले.

ते हवाई दलप्रमुख केव्हा झाले?

१ ऑगस्ट १९६४ रोजी, एअर मार्शल ॲस्पी इंजिनिअर यांच्यानंतर. वय होते अवघे ४५. आज ज्या वयात वैमानिक साधारणपणे ग्रुप कॅप्टनच्या हुद्द्यावर असतो त्या वयात त्यांच्याकडे सबंध दल आले. यामागचे कारण हवाई दलाच्या तारुण्यात होते. त्यांच्याआधी कमिशन मिळालेले भारतीय अधिकारी मोजके होते.

दल मिळाले तेही मोठ्या स्थित्यंतराच्या क्षणी. १९६२ च्या चीन युद्धात लढाऊ विमाने वापरलीच गेली नव्हती आणि त्याची बोच दलात होती. नवी विमाने घेण्याचे ठरले होते, मिग-२१ ची पहिली तुकडी येऊन पोचली होती, या विमानांच्या उत्पादनासाठी आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथे कारखाना उभा राहत होता. पण १९६५ मध्ये हाताशी असलेली मिग-२१ बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि युद्ध लढावे लागले ते हंटर, मिस्टिअर, नॅट, कॅनबेरा आणि अगदी व्हँपायरसारख्या जुन्या विमानांच्या बळावर.

१ सप्टेंबर १९६५ च्या दुपारी नेमके काय घडले?

हा प्रश्न महाराष्ट्रात हमखास विचारला जातो, कारण त्या दुपारी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला यशवंतराव चव्हाण होते.

त्या दिवशी पहाटे पाकिस्तानने जम्मूतील छांब क्षेत्रात पॅटन रणगाडे घेऊन मोठा हल्ला चढवला. रोख अखनूरकडे होता. अखनूरला चिनाब नदीवर पूल आहे, आणि तो हातचा गेला असता तर राजौरी व पूंछकडील आपल्या सैन्याची रसद तुटली असती. आपल्याकडे त्या भागात पॅटनला तोंड देतील असे रणगाडे नव्हते. दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाई दलप्रमुख अर्जन सिंग संरक्षणमंत्र्यांच्या कार्यालयात आले. लष्कराला हवाई दलाची मदत हवी होती, आणि ती हवी असेल तर सूर्यास्ताआधी, म्हणजे पुढील दोनेक तासांत.

निर्णय किती मोठा होता हे आज सहज लक्षात येत नाही. तोवर चकमकी काश्मीरपुरत्या आणि जमिनीपुरत्या होत्या. लढाऊ विमाने उडाली की दोन देशांमधील युद्ध सुरू झाले, असाच त्याचा अर्थ होणार होता. मंत्रिमंडळाच्या समितीची बैठक बोलावण्याइतका वेळ नव्हता. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ अशा शब्दांत महाराष्ट्राने ज्यांना दिल्लीला पाठवले होते, त्या यशवंतरावांनी आपल्या जबाबदारीवर परवानगी दिली आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना नंतर कळवले. हवाई दलाला किती वेळ लागेल, असे विचारल्यावर अर्जन सिंग यांनी एक तास सांगितला होता. पहिली विमाने २६ मिनिटांत निघाली, असे हवाई दलाच्या इतिहासात नोंदले जाते.

मला या प्रसंगात दोन्ही माणसे सारखीच मोठी वाटतात. देवराष्ट्रे गावातून वर आलेल्या, गणवेश कधीही न घातलेल्या मंत्र्याने आपल्या हवाई दलप्रमुखाच्या शब्दावर विसंबून देशाला युद्धात नेणारा निर्णय घेतला, आणि त्या हवाई दलप्रमुखाने आपल्या दलाला जमेल त्याहून मोठे आश्वासन देण्याचा मोह टाळला. यशवंतरावांनी पुढे त्यांच्या शांत, ठाम आणि कार्यक्षम स्वभावाचे मनापासून कौतुक केले होते.

केवळ २६ मिनिटांत विमाने निघणे शक्य तरी आहे का?

तयारी आधीच झालेली असेल तर शक्य आहे, एरवी नाही. विमानात इंधन भरणे, तोफांमध्ये गोळ्यांचे पट्टे बसवणे, पंखांखाली रॉकेटे चढवणे, वैमानिकांना नकाशावर लक्ष्य समजावून देणे, ही कामे अर्ध्या तासात आटोपत नाहीत. पठाणकोटच्या तळावर ती हुकूम येण्याआधीच होत आली असली पाहिजेत. म्हणून या २६ मिनिटांकडे पाहताना मला त्याआधीचे दिवस अधिक महत्त्वाचे वाटतात. सीमेवर काय शिजते आहे याचा अंदाज घेऊन दलाला सज्ज ठेवणे हे दलप्रमुखाचे खरे काम, आणि ते दूरदर्शनच्या पडद्यावर कधी दिसत नाही. त्या दिवशी ऊन खात धावपट्टीच्या कडेला विमानांत दारूगोळा भरणाऱ्या तंत्रज्ञांची नावे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाहीत. वैमानिकाइतकाच तो पराक्रम त्यांचाही होता.

पहिल्याच दिवशी आपली विमाने पडली. मग तो निर्णय चुकला का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. पठाणकोटहून निघालेल्या व्हँपायर विमानांपैकी चार त्या संध्याकाळी पडली. भागवागर, जोशी आणि भारद्वाज हे तीन वैमानिक कामी आले. चौथा वैमानिक पॅराशूटने उतरून वाचला. व्हँपायर हे १९४० च्या दशकातील विमान होते आणि त्यांची गाठ पडली ती त्याहून पुष्कळ वेगवान अशा पाकिस्तानच्या सेबर विमानांशी. शिवाय मावळतीच्या अंधुक उजेडात, धुळीने भरलेल्या रणांगणावर आपले कोण आणि शत्रूचे कोण हे वरून ओळखणे कठीण होते, आणि काही मारा आपल्याच सैन्यावर झाला.

ही किंमत लहान नव्हती. परंतु दुसऱ्या पारड्यात काय होते तेही पाहिले पाहिजे. हवाई हल्ल्यामुळे पाकिस्तानी रणगाड्यांची आगेकूच मंदावली, लष्कराला सावरण्यास वेळ मिळाला, आणि अखनूरचा पूल शेवटपर्यंत आपल्याकडे राहिला. व्हँपायर पाठवायला नको होती असे आज म्हणता येते, पण त्या दिवशी जवळच्या तळावर जी विमाने होती तीच पाठवता येणार होती. अर्जन सिंग यांनी दुसऱ्याच दिवसापासून व्हँपायरना आघाडीच्या लढाईतून बाहेर काढले. चूक कळल्यावर ती पुन्हा न करणे एवढेच सेनापतीच्या हाती असते, आणि तेवढे त्यांनी विनाविलंब केले.

पुढील तीन आठवडे हवाई दलाने कशी कामगिरी केली?

३ सप्टेंबर रोजी ट्रेव्हर कीलर यांच्या नॅट विमानाने सेबरवर पहिला विजय नोंदवला आणि दलाचे मनोधैर्य एकदम उंचावले. नॅट हे बंगळूरला तयार होणारे इतके लहान विमान होते की हवेत ते शत्रूला दिसतच नसे. ६ सप्टेंबरच्या संध्याकाळी मात्र पठाणकोटवर पाकिस्तानने हल्ला करून जमिनीवर उभी असलेली आपली विमाने नष्ट केली, त्यांत दुर्मीळ मिग-२१ विमानेही होती. ही हानी टाळता येण्याजोगी होती, असे माझे मत आहे.

७ सप्टेंबरला पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर आपण हल्ले केले. त्या मोहिमेत मिस्टिअर विमानाचे वैमानिक अज्जमाडा बोप्पय्या देवय्या यांनी आपल्याहून कितीतरी वेगवान अशा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाशी झुंज देऊन ते पाडले आणि स्वतः परतले नाहीत. त्यांच्या पराक्रमाची हकीकत पुढे पाकिस्तानी बाजूकडून उलगडली आणि १९८८ मध्ये त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. २३ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. सारांशाने पाहता हे युद्ध हवेत एकतर्फी झाले नाही. नवे तंत्र आणि चांगली रडारयंत्रणा त्यांच्याकडे होती, आपल्याकडे संख्या आणि चिकाटी होती. अर्जन सिंग यांच्यापुढे आणखी एक बंधन होते. पूर्व पाकिस्तानात युद्ध वाढवायचे नाही असे सरकारचे धोरण होते, त्यामुळे बंगालमधील कलाईकुंडा तळावर हल्ला झाल्यानंतरही पूर्वेकडे पूर्ण ताकदीने उत्तर देण्याची मोकळीक त्यांना नव्हती.

१९६५ मध्येच अर्जन सिंग यांना पद्मविभूषण मिळाले. जानेवारी १९६६ मध्ये हवाई दलप्रमुखाचे पद एअर चीफ मार्शल या हुद्द्याचे करण्यात आले आणि तो हुद्दा धारण करणारे ते पहिले अधिकारी ठरले.

दलप्रमुख झाल्यावरही ते स्वतः विमान चालवत होते का?

होय, कारकिर्दीच्या अखेरपर्यंत. त्यांनी ६० हून अधिक प्रकारची विमाने चालवली. दलप्रमुखपदी असतानाही त्यांनी वैमानिक म्हणून आपली पात्रता चालू ठेवली, आणि ती मानापुरती मिळत नाही. ठरावीक तासांचे उड्डाण, वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा यांतून ती टिकवावी लागते. फायलींच्या ढिगाऱ्यातून वेळ काढून एखाद्या तळावर जायचे, तरुण वैमानिकाच्या शेजारी बसून विमान चालवायचे आणि उतरल्यावर त्याच्याच मेसमध्ये चहा घ्यायचा, याचा दलावर काय परिणाम होत असेल हे ज्याने कुठल्याही मोठ्या कार्यालयात नोकरी केली आहे त्याला वेगळे सांगायला नको.

निवृत्तीनंतर त्यांनी काय केले?

जुलै १९६९ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांच्याकडे सूत्रे सोपवली. १९७१ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये राजदूत झाले, १९७४ ते १९७७ या काळात केनियात उच्चायुक्त होते, पुढे अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य झाले आणि डिसेंबर १९८९ पासून वर्षभर दिल्लीचे नायब राज्यपाल होते. पदांची ही यादी सन्मानाची आहे. पण त्यांच्याविषयी बोलताना मी श्रोत्यांना त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट सांगतो.

दिल्लीजवळ त्यांची शेतजमीन होती. ती विकून त्यांनी दोन कोटी रुपयांचा विश्वस्त निधी उभा केला, तो हवाई दलातून निवृत्त झालेल्यांच्या कल्याणासाठी. वैमानिकाच्या नावामागे वलय असते, पण हवाई दलातील बहुसंख्य माणसे कधीच विमान चालवत नाहीत. इंजिन उघडणारा, रडारसमोर रात्र काढणारा, शस्त्रे चढवणारा वायुसैनिक ऐन उमेदीत निवृत्त होतो, मुलांची शिक्षणे अर्ध्यावर असतात, आणि दुसरी नोकरी शोधण्यासाठी त्याला अर्ज घेऊन दारोदार फिरावे लागते. माझ्याच परिचयातील एका निवृत्त वायुसैनिकाला, पंधरा वर्षे लढाऊ विमानांची इंजिने हाताळल्यावर, एका कारखान्यात ‘तुमच्याकडे अनुभवाचे प्रमाणपत्र नाही’ असे ऐकून घ्यावे लागले होते. अशा माणसांसाठी स्वतःची जमीन विकणारा अधिकारी मला फार मोठा वाटतो.

डॉ. कलाम यांच्या अंत्यदर्शनाचे त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तो प्रसंग कोणता?

२८ जुलै २०१५ रोजी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे पार्थिव दिल्लीच्या पालम विमानतळावर आणले गेले. अर्जन सिंग तेव्हा ९६ वर्षांचे होते आणि चाकांच्या खुर्चीतून आले होते. पार्थिवासमोर आल्यावर ते खुर्चीतून उठले, पाठ सरळ केली आणि आपल्या माजी सर्वोच्च सेनापतींना सलाम केला. शरीर थकलेले होते, पाय साथ देत नव्हते, पण कपाळाकडे गेलेला तो हात क्रॅनवेलला शिकवला होता तसाच होता.

मराठी माणसे हवाई दलप्रमुख झाली आहेत का?

होय. हृषीकेश मुळगावकर, अनिल टिपणीस, प्रदीप वसंत नाईक आणि विवेक राम चौधरी यांनी हे पद भूषवले आहे. त्यांपैकी मुळगावकर हे अर्जन सिंग यांच्या पिढीचे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळाले होते.

त्यांच्या नावाने कोणता तळ आहे?

पश्चिम बंगालमधील पानागढचा हवाई तळ. २०१६ मध्ये, त्यांच्या ९७ व्या वाढदिवशी, या तळाला त्यांचे नाव देण्यात आले. हयात व्यक्तीचे नाव तळाला देण्याची प्रथा आपल्याकडे नव्हती. ती त्यांच्यासाठी मोडली गेली.

त्यांचे निधन कसे झाले?

१६ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीतील लष्करी रुग्णालयात. १८ सप्टेंबर रोजी ब्रार स्क्वेअर येथे शासकीय इतमामात, १७ तोफांची सलामी देऊन अंत्यसंस्कार झाले.

त्यांचे नाव लिहिताना कोणती काळजी घ्यावी?

पहिली गोष्ट, नाव ‘अर्जन’ आहे. मराठीत सवयीने ‘अर्जुन’ लिहिले जाते, ते चूक आहे. दुसरी गोष्ट हुद्द्याची. जानेवारी २००२ मध्ये त्यांना ‘मार्शल ऑफ द इंडियन एअर फोर्स’ हा हुद्दा देण्यात आला. तो फील्ड मार्शलच्या बरोबरीचा असून सैन्यदलांत तोवर करिअप्पा आणि माणेकशा या दोघांनाच असा मान मिळाला होता. पंचतारांकित अधिकारी कधीही निवृत्त होत नाही, तो हयातभर सेवेत गणला जातो. त्यामुळे निमंत्रणपत्रिकेत, फलकावर किंवा शाळेच्या भित्तिपत्रकात त्यांच्या नावापुढे कंसात ‘निवृत्त’ असे लिहू नये.